तलंगांची पारख आणि पावसाळी मुलखांतील कोंबड्यांचें घर

मुळशी तालुक्यांत दाराशीं चार कोंबड्या नाहींत असें शेतकऱ्याचें घर क्वचितच आढळेल. परंतु त्या चार कोंबड्यांकडे जातीनें पाहणारा शेतकरी त्याहूनही क्वचित् आढळतो. भाताच्या खाचराचा बांध कोठें फुटला हें भर पावसांत रात्रीं बॅटरी घेऊन जो पाहून येतो, त्यासच आपलीं कोंबडीं रात्रीं कोठें निजतात असें विचारलें, तर तो घरांत तोंड करून बायकोस हांक मारतो. हा दोष आम्ही दुसऱ्यास लावीत नाहीं. आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. सातबाऱ्यांत किंवा फेरफारांत चूक असली तर ती आमच्या नजरेंतून सहसा सुटत नसे. पण तलंग कोणती व तलंगा कोणता हें ओळखण्याची वेळ आली तेव्हां आम्ही सपशेल फसलों, आणि त्याची किंमत आमच्या घरांतील एका कष्टाळू बाईस मोजावी लागली. ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे पुढील विवेचनाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येईल.

आमच्या थोरल्या वहिनी आमच्या बंधूंच्या पश्चात् दोन एकर भात आणि एक म्हैस यांवर प्रपंच सांभाळून आहेत. धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च अंड्यांच्या पैशांतून भागवावा असें मनांत आणून त्यांनीं बचत गटाकडून कर्ज उचललें, आणि माघ महिन्यांत गांवांत आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून सुमारें दीड महिन्याचे तीस पक्षी 'सगळ्या माद्या' म्हणून घेतले. सौद्यास आम्हीच बसलों होतों. पक्षी मोजले, पैसे मोजले, पावतीसुद्धां लिहून घेतली. परंतु पाटींतून एकही पक्षी उचलून उजेडांत पाहिला नाहीं. वैशाख सरत आला तेव्हां एके पहाटे वहिनी ओसरीवर येऊन म्हणाल्या, "भावजी, खुराड्यांत आरवतंय तें कोण? आणि एक नव्हे, चार-पांच आहेत." मोजदाद केली तेव्हां तीसपैकीं सतरा नर निघाले. आखाडांत कोंबड्यास भाव असतो म्हणून ते विकून कर्जाचे हप्ते कसेबसे फिटले; पण त्यांनीं तोंपर्यंत खाल्लेलें धान्य गेलें तें गेलेंच. उरलेल्या तेरा माद्यांपैकीं पांच श्रावणांत एका रात्रींत उदमांजरानें मारल्या. पत्रा आणि भिंत यांमध्यें चार बोटांची फट होती, तीही आमच्याच देखरेखीखालीं राहिलेली. त्या वर्षीं मुलीची फी म्हशीच्या दुधांतून भरावी लागली.

असो. अंड्यावर न आलेली कोंवळी कोंबडी ती तलंग, व त्याच वयाचा नर तो तलंगा, हा भेद आपल्या जुन्या बायका बिनचूक पाळतात. सरकारी कागदांत मात्र दोघांसही सरसकट 'तलंगा' म्हणण्याचा प्रघात आहे. पशुसंवर्धन खात्यानें ८ ते १० आठवडे वयाच्या २५ माद्या व ३ नर असे जे गट निम्म्या अनुदानावर वांटले, त्यांचें नांव कागदोपत्रीं 'तलंगा गट' असेंच आहे. नांव कसेंही असो, त्या योजनेंतील वयाचा आंकडा मात्र फार विचारानें ठरविलेला दिसतो. आठ ते दहा आठवड्यांपूर्वीं सामान्य शेतकऱ्यास नर व मादी यांचा भेद खात्रीनें करतां येत नाहीं. आणि त्यानंतर थोडें शिकल्यास सहज करतां येतो.

प्रथम ज्या युक्त्या निरुपयोगी आहेत त्या बाजूस सारूं. टोंकदार अंड्यांतून नर व वाटोळ्या अंड्यांतून मादी निघते असें आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. ही समजूत आपलीच आहे असें नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वींचा रोमन शेतकी ग्रंथकार कोलुमेला हाही असेंच लिहून गेला. आणि त्याच्याही पूर्वीं ग्रीसमध्यें अरिस्टॉटलनें लांबट टोंकदार अंड्यांतून मादी निघते असें बरोबर उलट लिहिलें होतें. एवढ्या मोठ्या दोन विद्वानांचें ज्यांत एकमत नाहीं, त्यावर आपण रवणीचीं अंडीं निवडूं नयेत हेंच बरें. अंड्यावर दोऱ्यानें अंगठी टांगून ती गोल फिरते कीं सरळ हें पाहणें हीही निव्वळ करमणूक आहे.

वस्तुस्थिति अशी आहे कीं, पिलूं नर होणार कीं मादी हें अंडें घातलें जाण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें, आणि तें कोंबड्यामुळें नव्हे तर कोंबडीमुळें ठरतें. कोंबडीच्या ठिकाणीं दोन प्रकारचीं बीजें उत्पन्न होतात, नराच्या ठिकाणीं एकाच प्रकारचें. मनुष्यांत हाच नियम उलटा आहे. तेथें भेद पित्याच्या बीजांत असतो. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या मंडळींनीं हें कोंबड्यांच्या निमित्तानें कां होईना ध्यानांत घ्यावें. तात्पर्य, रवण बसविल्यानंतर ऊब कमीजास्त करून नरमादींचें प्रमाण बदलत नाहीं. पुष्कळ पिलांचा हिशेब धरला तर निम्मे नर व निम्म्या माद्या निघतात. एखाद्या रवणींत बारांपैकीं नऊ नर निघाले तर तो दैवाचा भाग समजावा.

एक दिवसाच्या पिलाचें लिंग ओळखण्याची विद्या जगांत नाहीं असें मात्र नाहीं. जपानांतील मासुई, हाशिमोतो व ओनो या शास्त्रज्ञांनीं पिलाच्या गुदद्वाराच्या आंतील बारीक उंचवटा पाहून नर ओळखण्याची रीत शोधली, व १९२७ सालीं कॅनडांतील ओटावा येथें भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेनंतर तिची कीर्ति सर्वत्र झाली. मोठ्या उबवणी केंद्रांत या विद्येंत तरबेज झालेले लोक पगारावर ठेवतात. ही रीत आपण घरीं करून पाहूं नये. अननुभवी हातांत पिलाचें आंतडें दुखावतें आणि तें मरतें. दुसरी रीत पंखांवरील पिसें पाहण्याची. हल्लीं पुष्कळ तरुण मंडळी मोबाइलवरील चित्रफीत पाहून पिलाचा पंख ताणतात, आणि लांब-आंखूड पिसें दिसलीं कीं मादी म्हणून सांगतात. पण ज्यांत आईच्या बाजूस पिसें उशिरां फुटण्याचा व बापाच्या बाजूस लवकर फुटण्याचा गुण मुद्दाम जुळवून आणलेला असतो, अशा विशिष्ट संकरांतच ती खूण खरी ठरते. आपल्या गांवरान कोंबडीच्या पिलाचा पंख कितीही ताणला तरी त्यावरून कांहीं कळत नाहीं.

हा प्रश्न मोठ्या व्यापारांत किती कठोर होतो याचें एक उदाहरण देतों. अंड्यांच्या जातीचे नर मांसासही परवडत नाहींत, म्हणून कित्येक देशांत ते पहिल्याच दिवशीं मारून टाकतात. जर्मनीनें १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें ही चाल बंद केली, आणि तेथें आतां अंड्यांतच लिंग ओळखणारीं यंत्रें चालतात. आपल्या दारच्या तलंग्यास निदान आखाडापर्यंत तरी आयुष्य असतें.

आतां खऱ्या खुणांकडे वळूं. पक्षी पाहण्यास सकाळची वेळ घ्यावी, व पाटींतून काढून ते अंगणांत मोकळे सोडावयास लावावे. विक्रेता कुरकुरला तर समजावें कीं पाहण्यासारखें कांहीं आहे. पहिली खूण तुऱ्याची. आठव्या आठवड्यास नराचा तुरा मादीच्या मानानें उंच, जाड व तांबूस झालेला असतो, आणि चोंचीखालीं लोंबणारे कल्लेही दिसूं लागतात. मादीचा तुरा त्या वयांत लहान व फिकट पिवळसर असतो. दुसरी खूण पायांची. नराच्या नळ्या जाड, सांधे ठळक व पावलें मोठीं असतात. पायामागील कांट्यावर या वयांत विसंबूं नये. त्या जागीं बारीक गांठ दोघांसही असते.

परंतु सर्वांत भरंवशाची खूण पिसांची होय, व तिच्यासाठीं पक्षी हातांत घेणें अवश्य आहे. मानेवरचीं, आणि विशेषतः पाठीच्या शेवटीं शेपटीच्या अलीकडे जीं पिसें असतात तीं बोटांनीं उचलून पाहावीं. मादीचीं पिसें टोंकाशीं वाटोळीं असतात. नराच्या त्या जागीं दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास अरुंद, टोंकदार व चकचकीत पिसें फुटूं लागतात. असें एक पीस जरी दिसलें तरी पुढें वाद नको, तो नरच. याउलट, तें दिसलें नाहीं म्हणजे मादीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं, कारण पक्षी वयानें लहान असूं शकतो. आम्ही फसलों तें येथेंच. त्या विक्रेत्याच्या पाटींत एका वयाचे पक्षी नव्हतेच. पांच आठवड्यांचे नर आणि सात-आठ आठवड्यांच्या माद्या एकत्र असल्या तर दोहोंचे तुरे सारखेच दिसतात. खातेदाराचें वय न पाहतां वारसनोंद करण्यासारखाच हा प्रकार झाला. यास्तव तुलना नेहमीं एका वयाच्या व एका जातीच्या पक्ष्यांत करावी. एकट्या पक्ष्याकडे पाहून निकाल देऊं नये.

जातीचा विचार कां करावा हेंही सांगितलें पाहिजे. असील रक्ताच्या पक्ष्यांत तुरा वाटाण्याएवढा, डोक्याशीं चिकटलेला असतो, आणि तो नरासही उशिरां वाढतो. तेथें तुऱ्यावरून पाहणारा हमखास चुकतो. कडकनाथाची तर गोष्टच निराळी. मध्य प्रदेशांतील झाबुआकडचा हा काळा पक्षी आतां पुणें जिल्ह्यांतही पुष्कळ जण ठेवतात. त्याचा तुराच काळपट-जांभळा, मग तांबडेपणा पाहावयाचा कोठें? दोन्हींत पाठीवरच्या पिसांचीच कसोटी कामास येते. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारलेल्या जातींत मात्र तुऱ्याची खूण बऱ्यापैकीं लागू पडते. या जातींचीं पिलें कोठें मिळतात याची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत करावी. पुण्यास खडकी येथें खात्याचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

नर किती ठेवावे? पिलें काढावयाचीं असतील तर आठ-दहा माद्यांमागें एक पुरे. केवळ अंडीं विकावयाचीं असतील तर एकही नको. कोंबड्यावांचून कोंबडी अंडें घालीत नाहीं ही समजूत खोटी आहे. ती घालते, फक्त त्यांतून पिलूं निघत नाहीं, व असें अंडें टिकतेंही अधिक. दहा माद्यांत पांच नर राहिले तर ते आपसांत झुंजतात, आणि माद्यांच्या पाठीचीं पिसें उपटून त्यांस बेजार करितात. यासाठीं ओळख पटली कीं जास्तीचे नर वेगळे काढावे.

आतां घराविषयीं. कोंबड्यांच्या घराचीं पुस्तकांतील वर्णनें बहुधा उन्हाळ्याच्या त्रासावर नजर ठेवून लिहिलेलीं असतात. आमच्या मुलखाचा शत्रु ऊन नव्हे, ओल आहे. पौडापासून जसजसें पश्चिमेस मुळशी धरणाच्या अंगास जावें तसतसा पाऊस वाढत जातो, आणि ताम्हिणीच्या बाजूस तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाहीं. देशावर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांस रात्रीच्या निवाऱ्यापुरती माणशीं म्हणतात तशी दरपक्षीं एक चौरस फूट जागा पुरते, कारण त्या दिवसभर बाहेर असतात. येथें आषाढ-श्रावणांत त्यांस दिवसही आंतच काढावा लागतो. म्हणून दरपक्षीं दोन चौरस फूट हा हिशेब धरावा. पंचवीस पक्ष्यांस नऊ फूट लांब व सहा फूट रुंद घर बरोबर होतें.

आम्हीं वहिनींसाठीं दुसऱ्या वर्षीं जें घर बांधलें तें असें. जोतें दगडी, दोन फूट उंच, व वर शहाबादी फरशी. मातीची जमीन केली तर घुशी खालून पोखरून पिलें ओढून नेतात. बांबूच्या पट्ट्यांचा अधांतरी तळ आम्हीं आधीं करून पाहिला होता. पावसाळ्यांत तो बरा, पण मार्गशीर्षांत खालून गार वारा लागून पक्षी गारठले, म्हणून तो मोडला. पश्चिमेची व दक्षिणेची भिंत विटांची, पूर्ण बंद. उत्तरेस कारवीचा कूड शेणमातीनें लिंपून. आणि पूर्वेस दरवाजा व जाळी, म्हणजे उघडीप होतांच सकाळचें ऊन आंत येतें. पूर्वेकडील वळचण भिंतीच्या बाहेर तीन फूट काढली आहे. छपरास पत्रा असला तरी मधला एक तुकडा पारदर्शक बसविला. अंड्यासाठीं कोंबडीस दिवसास चवदा तासांच्या आसपास उजेड लागतो. अंधाऱ्या खुराड्यांत पावसाळ्याची अंडीं घटतात तीं पुष्कळशीं यामुळें. भिंत आणि छप्पर यांमधील फट बुजवूं नये, कारण तेथूनच दमट हवा बाहेर जाते. पण ती अर्ध्या इंचाच्या जाड तारेच्या जाळीनें बंद करावी. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कुत्रें किंवा रानमांजर पंजानें फाडतें. मुंगूस दिवसा येतें, उदमांजर व रानमांजर रात्रीं. तेव्हां दरवाजा दिवसा उघडा व रात्रीं बंद एवढ्यानें भागत नाहीं, लहान पिलें दिवसाही जाळीआड हवींत.

बसण्यास दोन इंच जाडीचे गुळगुळीत बांबू आडवे टाकले. पक्ष्यास आठ इंच जागा धरली तर पंचविसांस सुमारें सतरा फूट लागतात. घराच्या लांबीचे दोन बांबू पुरले. दोन्ही एकाच उंचीवर ठेवावे, नाहीं तर वरच्या बांबूसाठीं रोज संध्याकाळीं भांडण. अंड्यांसाठीं फूटभर लांबीरुंदीच्या पांच पेट्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, बांबूपेक्षां खालीं ठेवल्या. वर ठेवल्यास कोंबड्या त्यांतच निजतात आणि पेट्या घाण होतात.

फरशीवर चार इंच भाताचें तूस. आमच्या भागांत गिरणीवर तें भरपूर मिळतें. ही गादी आठवड्यांतून दोनदां खालवर करावी, व पावसाळ्यांत मधून मधून थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. गादीची परीक्षा मुठीनें होते. मूठभर तूस दाबून सोडलें असतां गोळा तसाच राहिला तर ओल फार. हळूहळू सुटला तर ठीक. मुळीं गोळाच न होतां धूळ उडाली तर फार कोरडें. ओल्या गादींत पिलांस रक्ती हगवण लागते, आणि ती आठवड्यांत अर्धीं पिलें नेते. पाण्याचें भांडें विटेवर ठेवल्यास निम्मी ओल तेथेंच कमी होते, हा वहिनींचा शोध आहे, आमचा नव्हे.

मानमोडीच्या लशीकडे दुर्लक्ष करूं नये. कुमाऊंतील राणीखेत या गांवाचें नांव ज्यास पडलें तोच हा रोग. एकदां शिरला कीं औषध नाहीं. पहिली लस पिलाच्या पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत वा नाकांत थेंब टाकून, दुसरी सहा ते आठ आठवड्यांत टोंचून देतात. तयार पक्षी घेतांना या दोन्ही झाल्या कीं नाहीं हें विचारून लिहून घ्यावें. लशीच्या एका कुपींत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, आणि फोडलेली कुपी थोड्या तासांत निकामी होते. पंचवीस पक्ष्यांसाठीं एक कुपी फोडणें कोणासच परवडत नाहीं. आमच्या वाडींतील पांच घरांनीं यावर तोड काढली आहे. पिलें एकाच पंधरवड्यांत आणावयाचीं व लस एकाच सकाळीं टोंचावयाची. बर्फाची पिशवी कोणीं न्यावयाची याची पाळी लावलेली आहे.

नवे पक्षी आणले कीं ते दोन-तीन आठवडे जुन्यांपासून दूर ठेवावे. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्ल्यू आला तेव्हां त्या भागांत किती पक्षी नष्ट करावे लागले तें ज्यांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेल त्यांस याचें कारण सांगावयास नको.

वहिनींचा दुसरा गट त्यांनीं स्वतः निवडला. अंगणांत बसून एकेक पक्षी मांडीवर घेतला, पाठीचीं पिसें उलटून पाहिलीं, आणि अठ्ठावीसांपैकीं सहा परत केले. विक्रेता निराळा होता, त्यानें मुकाट्यानें बदलून दिले. पंचविसांपैकीं एकच नर निघाला, तो असील वळणाचा होता. रात्रीं दार लावण्यापूर्वीं त्या मोजणी करितात आणि आंकडा दरवाज्यावर खडूनें लिहितात. आमच्या कचेरींतील हजेरीपटापेक्षां तो अधिक खरा असतो. गेल्या पावसाळ्यांत आंतून एकही पक्षी गेला नाहीं, दिवसा मुंगसानें एक नेली ती चारणींतून. पुतणी दुसऱ्या वर्षास आहे. वैशाखांत आंत चुना मारावयाचा, बांबूंच्या सांध्यांत लपलेल्या गोचिडांवर उकळतें पाणी ओतावयाचें, आणि जुनी गादी काढून भाताच्या रोपवाटिकेस टाकावयाची, हीं कामें यंदा आमच्या वांट्यास आलीं आहेत.